उचलीचा कागद वाचून कोण दाखविणार?

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच आपल्या जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी व कळंब या तालुक्यांतील कित्येक वस्त्यांवर व तांड्यांवर दारांना कुलपे दिसू लागतात. भांडीकुंडी, पीठमीठ, कोयते आणि लहान मुले ट्रॉलीत चढतात. कोणी सांगली-कोल्हापूरची वाट धरतो, कोणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे जातो. मागे राहतात ती म्हातारी माणसे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच-सहा महिने, हाच क्रम. या लोकांस आपण ऊसतोडे म्हणून निराळे मानतो; परंतु त्यांपैकी पुष्कळांच्या नावे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, आणि पाऊस पडता, विहिरीस पाणी राहते, तर ते या मासिकाचे वाचक होऊन आपल्याच पंक्तीस बसले असते. म्हणून त्यांचा प्रश्न आपल्या संघाच्या कक्षेबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

या व्यवहाराची रीत सर्वांस ठाऊक आहे. कारखाना वाहनमालकाशी करार करितो, वाहनमालक मुकादमास रक्कम देतो आणि मुकादम कोयत्याप्रमाणे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीप्रमाणे, उचल वाटतो. उचल घेताना मजूर सही किंवा अंगठा देतो. कशावर देतो, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. कित्येकदा तो कोरा मुद्रांक असतो. रक्कम, व्याज व अटी मागाहून भरल्या जातात. हंगामात किती टन तोडले, खाड्याचे किती कापले, उचलीपैकी किती फिटले, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात शेकडा ३४ वाढ देण्याचा करार राज्यात झाला. वर्तमानपत्रांत तो ठळक छापूनही आला. परंतु ज्यांच्यासाठी तो झाला त्यांतील किती टोळ्यांनी त्या दराने आपला हिशेब ताडून पाहिला? ज्याला दर ठाऊक नाही त्याला वाढ ठाऊक असून उपयोग काय?

न वाचता येणाऱ्या कागदाचा जाच काय असतो, हे आपल्या जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. कचेरीची भाषा उर्दू, आणि रयतेची मराठी. स्वतःच्या शेतावरची नोटीस वाचून घेण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांस दुसऱ्याच्या ओट्यावर ताटकळावे लागे, आणि वाचणारा सांगेल ते खरे मानावे लागे. आज सीमेपलीकडे गेलेल्या टोळीची तीच स्थिती आहे. फडावर तंटा झाला, बाई आजारी पडली, अपघातात कोणी दगावला, तर तेथील ठाण्यातील व दवाखान्यातील कागद कानडी. तांड्यावरच्या माणसाची घरची बोली गोरमाटी. मराठी त्याची दुसरी भाषा, आणि कानडी तर परकीच. आपली फिर्याद आपल्याच शब्दांत सांगता येत नाही, तेथे हक्क असून नसल्यासारखा होतो.

हक्क नाहीत असे मात्र नव्हे. वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला. त्यात ज्या जुन्या प्रथा नावानिशी मोडीत काढल्या आहेत त्यांत भागेला व वेट्टी ही नावे आहेत. म्हणजे जुन्या हैदराबाद मुलखातील माणसास ही ओळख परकी नाही. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात मनुष्यास काम सोडून जाण्याची अथवा दुसरीकडे काम करण्याची मोकळीक राहिली नाही, तर ते वेठीचे कर्ज ठरते, आणि असे कर्ज फेडण्याची जबाबदारी हा कायदा नष्ट करितो. ते वेठीचे कर्ज नव्हे, हे शाबीत करण्याचा भार धनकोवर आहे, मजुरावर नाही. सक्तीने वेठ घेणारास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम हीही घटनेच्या तेविसाव्या कलमान्वये सक्तीची मजुरीच होय. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता. त्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

याहून उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. वेठबिगारीचा गुन्हा दखलपात्र आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर तो कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात देता येते, व खबरीची नक्कल विनामूल्य मिळते. म्हणजे बागलकोटकडे अडकवून ठेवलेल्या मुलासाठी परंड्याच्या बापाने कानडी मुलखात धावण्याचे कारण नाही. तो आपल्या ठाण्यात, आपल्या मराठीत खबर देऊ शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व वेठीत सापडलेले यांस उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात प्राधिकरण व तालुक्यास समिती आहे, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. हे सर्व पुस्तकांत आहे. फडावर नाही.

येथे आपले कित्येक सभासद एक आक्षेप घेतील, आणि तो खोटा नाही. वाहनमालक हाही शेतकरीच. कर्जाने ट्रॅक्टर घेऊन, व्याजाने रक्कम आणून तो मुकादमास देतो, आणि मुकादम ऐन हंगामात टोळीसकट नाहीसा होतो. अशा फसवणुकीने घरेच्या घरे बुडाली आहेत. ऊसवाल्याचीही तक्रार असते की, टोळी खुशाली घेतल्यावाचून फडात पाय टाकीत नाही. या तक्रारींस दाद मिळालीच पाहिजे. परंतु ज्याने फसविले त्याजवर फिर्याद करणे निराळे, आणि त्याच्या टोळीतील एखाद्या जोडप्यास किंवा त्यांच्या पोरास ओलीस ठेवणे निराळे. पहिल्यास कायद्याचा आधार आहे. दुसऱ्याने फिर्यादी स्वतःच आरोपी होतो. तेव्हा कायद्याचे ज्ञान मजुरास जितके हवे तितकेच ते आमच्या वाहनमालक बंधूंसही हवे. स्वच्छ लिहिलेला करार दोघांसही तारतो. कोरा मुद्रांक शेवटी दोघांसही बुडवितो.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. कोयता म्हणजे जोडी. परंतु कागदावर सही एकट्या नवऱ्याची. पहाटे मोळ्या बांधणारी, डोक्यावर वाहून गाडी भरणारी, पुन्हा कोपीवर येऊन चूल पेटविणारी बाई त्या हिशेबात कोठेच नाही. नवरा मेला तर उचल तिच्या माथी येते; मजुरी मात्र तिच्या नावे कधीच नव्हती. तिचे नाव करारात व ओळखपत्रावर आले, तरच तिच्या कामाचा पुरावा राहील. ग्रामसेवकाने नोंदणी करून ऊसतोड मजुरांस ओळखपत्र द्यावे अशी सरकारी योजना आहे. ते पत्र निघण्यापूर्वी हातात पडले पाहिजे, परतल्यावर नव्हे.

केवळ कागद आपल्या भाषेत असला म्हणजे भागते असेही नाही. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून अमेरिकेच्या शेतांवर लक्षावधी मजूर करारावर गेले. करार त्यांच्या स्पॅनिश भाषेतही होता. तरी प्रारंभीच्या वर्षांत वेतनाचा दहावा हिस्सा बचतीच्या नावाने कापला गेला, आणि तो कित्येकांच्या हाती परत कधीच आला नाही. कराराजवळ उभे राहून तो समजावणारा व पुढे त्याची विचारपूस करणारा मनुष्य नव्हता. उणीव भाषांतराची थोडी आणि त्या मनुष्याची अधिक.

तो मनुष्य पुरविणे आपल्या संघास अशक्य नाही. भाद्रपदापासून दसऱ्यापर्यंतच्या आठवडे बाजारांत एकेक सभा घ्यावी. विधी सेवा समितीच्या स्वयंसेवकांस बोलवावे. तांड्यावर गोरमाटी बोलणारा व वस्तीवर मराठी बोलणारा असा वक्ता असावा. उचलीच्या कराराचा सोपा मराठी नमुना संघाने छापावा: रक्कम, दर, खाड्याची कपात, हिशेबाचा दिवस आणि दोघांचीही नावे त्यात असावीत, तो मोठ्याने वाचून दाखविल्यावरच सही व्हावी व एक प्रत मजुराजवळ राहावी. हंगामभर संघाच्या कचेरीत एक जाणता मनुष्य दूरध्वनीपाशी असावा. आणि जे सभासद वाहनमालक आहेत त्यांनी येत्या सभेत उभे राहून दोन शब्द द्यावेत: कोऱ्या कागदावर सही घेणार नाही, आणि पैशापायी मनुष्य अडवून ठेवणार नाही.

यास फार द्रव्य लागत नाही. चार मनुष्यांचा वेळ लागतो. ऊस आपला, वाहन आपले आणि तोडणाराही आपलाच. ट्रॉली गावाबाहेर पडण्यापूर्वी त्याच्या हातातला कागद आपण एकदा वाचून दाखविला, तर पट्टा पडल्यावर तो कोणत्या तोंडाने परत येतो, हे पाहण्याची आपणांस भीती वाटणार नाही.