बाई परत येणार आहेत का?

डीएड, बीएड झालेली पोरं मला अधूनमधून फोन करतात. "सर, इथल्या शाळेत एका बाईंची बाळंतपणाची रजा सुरू होतेय. सहा महिन्यांची जागा आहे. घेऊ का?" मानधन मी नंतर विचारतो. आधी विचारतो, बाई परत येणार आहेत ना? येणार असतील तर जरूर जा.

असं काम मीही केलंय, सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात. पहिल्याच तासाला नववीतल्या एकाने माझं आडनाव ऐकून विचारलं, "सर, तुम्ही उर्दू शिकवणार?" मी फळ्यावर 'समास' लिहिलं, वर्ग हसला, विषय संपला. हा प्रश्न आम्हाला सवयीचा आहे. दुसरा मात्र अजून टोचतो : "सर, तुम्ही किती दिवस?" पोरं हिशेब करतात. सहामाहीचे गुण कोण देणार, दहावीला कोण असणार, यावरून तुमचं किती ऐकायचं ते ठरवतात. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचं बरोबर आहे.

बाकी काय वाढून ठेवलंय तेही सांगतो. मस्टरवर नाव नसेल, सही वेगळ्या कागदावर होईल. मानधन तासावर असेल तर दिवाळी, उन्हाळा, पावसामुळे लवकर सोडलेली शाळा, सगळं बिनपगारी. वह्या घरी तपासायच्या, त्याचेही पैसे नाहीत. कुणी गैरहजर असला की ऑफ तासाला तुम्हीच जाल, कारण तुम्ही नाही म्हणू शकत नाही हे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक असतं. पहिल्या दिवशी बाईंचं टाचण मागून घ्या, कुठवर शिकवून झालंय ते विचारा, आणि कोणत्या मुलांकडे लक्ष द्यायचं तेही. मला बाईंनी फोनवर सांगितलं होतं, खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला नीट वाचता येत नाही, त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. मराठीच्या तासाला मी दुसऱ्याच दिवशी नेमकं तेच केलं असतं.

इथंच माझं भांडण सुरू होतं. बदली माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर उभा असतो. मागे मूळ शिक्षक असेल तर त्याचा उपयोग. आज आपण बदली माणसं पाठवतोय तिथं मूळ शिक्षकच नाही, आणि त्या मुलाबद्दल फोन करून सांगणारंही कुणी नाही.

जुलै २०२३ मध्ये सरकारने जिल्हा परिषद शाळांच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचं ठरवलं. मानधन महिना २० हजार, वयाची मर्यादा ७०. सप्टेंबर २०२४ मध्ये नवा निर्णय आला : कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना १५ हजार. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोही रद्द. कमी पटाच्या शाळा कुठं असतात? जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर. दोनच गुरुजी असलेल्या शाळेतला एक तात्पुरता करणं म्हणजे अर्धी शाळा तात्पुरती करणं.

भरती वेळखाऊ असते, तोवर सोय नको का, असं म्हणणारे भेटतात. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत शिक्षक निवृत्त व्हायचे थांबले होते का? सरकारी माणसाच्या निवृत्तीची तारीख तर तो रुजू होतो त्याच दिवशी कळलेली असते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिक्त राहू नयेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं २६ वं कलम सांगतं. तेव्हा याला अडचण म्हणू नका, ही सवय आहे.

दुसरे म्हणतात, नव्या पोरांना अनुभव मिळतो. मिळतो ना. पण तेवढ्यासाठी २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहेच. तीन वर्षं मानधनावर काढा, प्राथमिकला आता १६ हजार, मग कायम व्हा. तीन वर्षं कमी पडली म्हणून ही नवी उमेदवारी?

आणि हे साताऱ्यात घडावं! भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र ठेवली, हे आपण दर जयंतीला ऐकतो. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं, हे मात्र भाषणात क्वचित येतं. खेड्यातल्या शाळेला मिळेल तो माणूस चालेल, असं त्यांना वाटलं असतं तर कॉलेज काढायची गरजच नव्हती.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश तुम्हीच असता. जूनमध्ये गणवेशाइतकाच वेळ या प्रश्नाला द्या : मंजूर पदं किती, भरलेली किती? उत्तर लेखी मागा.

मागच्या आठवड्यात खटाव तालुक्यातल्या एका पोराचा फोन आला. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "बाई दोन वर्षांपूर्वीच रिटायर झाल्यात सर." जाऊ नकोस असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण घरी लहान बहिणीची फी भरायची आहे, हे त्याने आधीच सांगितलं होतं. सोमवारी तो हजर झाला.