बाटलीआधी व्यवसाय लिहा

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली, तेव्हा सगळी चर्चा डायएथिलीन ग्लायकॉलभोवती फिरली. ते रास्तही होते. याच रसायनाने 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून 14 जणांचे प्राण घेतले होते. पण बाटलीत विष नसते, तर ती लिहून देणे योग्य होते का, हे औषध प्रशासनाला विचारून भागणार नाही. तो प्रश्न आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, पेनाचा आहे. सर्दीमागून येणारा खोकला सरासरी 18 दिवस रेंगाळतो, असे 2013 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका आढाव्यात दिसले. त्याच संशोधकांनी लोकांना विचारले तेव्हा त्यांची अपेक्षा मात्र 7 ते 9 दिवसांची निघाली. मधल्या दिवसांत आपले एक सिरप, मग दुसरे, आणि अखेर अँटिबायोटिक शिरते. अशा खोकल्यावर दुकानी सिरपे गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा कॉक्रेनच्या आढाव्यालाही सापडलेला नाही.

पैसे वाया जाणे हा यातला लहान तोटा. मोठा तोटा असा, की बाटली लिहिली की विचारपूस संपते. आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात खोकल्याचे मूळ अनेकदा कामाच्या जागी असते. गुऱ्हाळाचेच घ्या. चुलवाणात घालण्यासाठी रचलेल्या चिपाडांच्या ढिगाला ओल लागली की आत उष्णता धरते आणि थर्मोॲक्टिनोमायसिस जातीचे जिवाणू माजतात. ढीग उपसणाऱ्याच्या छातीत ती धूळ जाते. चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा तो घरी पोचल्यावर, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. आपण त्याला व्हायरल म्हणतो. दोन-तीन दिवस तो घरी पडून राहतो, धुळीपासून लांब राहिल्याने बरा होतो, आणि श्रेय गोळ्यांना जाते. कामावर परतला की पुन्हा तेच. हा बॅगॅसोसिस; अशा फेऱ्या होत राहिल्या तर फुप्फुसात कायमचे व्रण राहू शकतात. सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यातल्या कामगाराची छाती आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते. शिरोलीच्या फौंड्रीत साचा फोडताना उडणारी सिलिका तर क्षयालाही वाट करून देते. सीओपीडीच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधी विडी-सिगारेट ओढलेलीच नसते, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. तरी आपण विडी ओढता का एवढेच विचारून पुढे जातो.

बाटली नाही दिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल, हा आक्षेप ठरलेलाच. गोड, दाट सिरपने घशाला क्षणभर बरे वाटते, हे खरे; पण वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध दिला तरी ते साधते, आणि तीन आठवडे लागतील असे पहिल्याच दिवशी सांगितलेला रुग्ण आठव्या दिवशी घाबरत नाही. पाच मिनिटांच्या ओपीडीत एवढे कसे विचारायचे? प्रश्न दोनच आहेत: नेमके काय काम करता, आणि सुट्टीत खोकला कमी होतो का. पहिल्याचे उत्तर ‘शेती’ आले तर तिथे थांबू नये. हंगामात तोच माणूस गुऱ्हाळावर असतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकीची तपासणी अर्थातच आधी.

तिसरा आक्षेप जड आहे. कारण कळले म्हणून हातावर पोट असलेला माणूस काम थोडेच सोडणार? नाही सोडणार. पण चिपाडे कोरडी राखणे, तोंडाला चांगला मास्क लावणे, फौंड्रीत खाते बदलून मागणे एवढे तरी त्याला सुचवता येते. शिवाय सिलिकोसिस, बॅगॅसोसिस आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे तिन्ही कामगारांना नुकसानभरपाई देणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी आहेत. भरपाई मागायला गेलेल्या कामगाराला डॉक्टरांचे जुने कागद दाखवावे लागतात, आणि आपल्या कागदांवर वर्षानुवर्षे ‘यूआरटीआय’ लिहिलेले असते.