खिडकी कोणत्या बाजूची?

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आपल्यापैकी अनेकांची हयात गेली. विमानात रुमाल चालत नाही. तिथे पैसे टाकावे लागतात. हवी ती जागा आधी निवडायची तर बहुतेक कंपन्या वेगळी रक्कम घेतात. त्या रकमेबद्दल माझे भांडण नाही. पण एवढे मोजून घेतलेली खिडकी भलत्याच बाजूची असते आणि ते कुणाच्या गावीही नसते, याचे मात्र नवल वाटते.

आपल्या चिकलठाण्याहून मुंबईला जाणारे विमान घ्या. छत्रपती संभाजीनगराहून मुंबई म्हणजे पश्चिमेची, किंचित नैर्ऋत्येकडे झुकलेली वाट. उजवा हात उत्तरेला, डावा दक्षिणेला. उजवीकडे देवगिरीचा सुळका, त्यामागे वेरूळचे डोंगर. पुढे सह्याद्री आला की कळसूबाईही त्याच अंगाला. शिवाय दिवाळीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे उजव्या खिडकीत डोळ्यांवर ऊन नाही. जाणती मंडळी म्हणूनच उजवी बाजू सांगतात, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे.

तरीही मला विचाराल तर डावी घ्या. डावीकडे नाथसागर आहे.

पैठणच्या या धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, आणि त्यामागे कायगाव-टोक्याकडे, प्रवरासंगमापर्यंत पसरलेले पाणी. पैठणला उभे राहून ते सगळे एका नजरेत मावत नाही; वरून मावते. आपल्या घरातला नळ उघडला की येते ते हेच पाणी. नळाला पाणी कधी येणार, यावर या शहरात जितके बोलणे होते तितके लग्नकार्यावरही होत नसेल; पण ते ज्या तळ्यातून येते ते बघायची हौस फारशी कुणाला नाही.

माझ्या वर्गात पैठण, गंगापूर, शेवगावकडची मुले असतात. त्यांतल्या काहींच्या आजोबांची गावे या पाण्याखाली गेली. 'आमचे गाव' असे ती म्हणतात तेव्हा कधी नव्या वसाहतीचे नाव घेतात, कधी जुन्याचे. अशा घरातले कुणी म्हातारे माणूस पहिल्यांदा विमानात बसत असेल, तर त्याला देवगिरी दाखवण्यात काय हशील? देवगिरी त्याने एस.टी.तून शंभरदा पाहिला आहे.

खिडकी घेतानाही एक पथ्य आहे. पुष्कळ विमानांचे पंख खिडकीच्या खाली असतात. मधल्या रांगांत बसलात तर तासभर पत्राच पाहाल. पुढे बसा, नाहीतर पार मागे. एटीआर जातीच्या लहान विमानाचे पंख डोक्यावर असतात, तिथे ही अडचण नाही. सहा खुर्च्यांच्या रांगेत 'ए' डावीकडची खिडकी, 'एफ' उजवीकडची. उन्हाचे म्हणाल तर सकाळचे विमान धरावे. तेव्हा सूर्य बराचसा पाठीमागे राहतो.

दिल्लीचे गणित सोपे. वाट जवळजवळ उत्तरेची, तेव्हा सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी. तापी, सातपुडा, नर्मदा ओलांडायला फार वेळ लागत नाही. १३२७ साली तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेस आणले तेव्हा त्यांना खिडकी कोणी विचारली नव्हती!

मुंबईहून परतताना मात्र बाजू उलटते. नाथसागर 'एफ'कडे येतो. उन्हाळ्यात आलात तर पाणी मागे हटलेले आणि काठच्या गाळावर शेताचे तुकडे दिसतील. ती गाळपेर. तिच्या आसपासच कुठेतरी जुन्या गावांच्या जागा आहेत. म्हाताऱ्या माणसाला 'एफ' द्या, आपण मधल्या खुर्चीवर बसा आणि ते बोट दाखवतील तिकडे पाहा.