बॉडी की लेन्स? निसर्गमंडळाच्या कॅमेऱ्याविषयी आमचे मत



शाळेच्या निसर्गमंडळाच्या कॅमेऱ्याचा विषय येत्या विश्वस्त बैठकीत यावयाचा आहे. एका माजी विद्यार्थ्याने दिलेला 18 मेगापिक्सेलचा कॅनन डीएसएलआर, त्याच्याबरोबर आलेली 18-55 मिलिमीटरची लेन्स आणि नंतर घेतलेली 55-250 ची लेन्स, एवढी आपली सामग्री आहे. यंदा देणगीतून काही रक्कम हाती आली आहे. ती एका नव्या बॉडीला पुरेल किंवा लांब पल्ल्याच्या एका लेन्सला पुरेल, दोन्हींना नाही. मोठ्या वर्गांतील मुलांचा कल नव्या बॉडीकडे आहे, आणि काही पालकांनीही तसेच सुचविले आहे. आमचे मत निराळे आहे. ते कारणांसह सर्वांपुढे असावे, म्हणजे बैठकीत चर्चा नीट होईल, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम मुलांची बाजू. ती चुकीची नाही. नव्या बॉडी खरोखरच पुढे गेल्या आहेत. कमी उजेडात जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात जो रवाळपणा येतो, तो त्यांच्यात बराच कमी असतो. सेकंदाला अधिक चित्रे घेता येतात. कित्येक बॉडी तर पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरून ठेवतात. भरारी घेणाऱ्या पक्ष्याचे चित्र घेणाऱ्याला या सोयीचे मोल कळते. ज्याच्याकडे चांगली लांब लेन्स आधीच आहे, त्याने पुढचा पैसा बॉडीत घालावा, असे आम्हीही सांगू. पण आपल्याकडे ती लेन्स नाही, आणि सगळा प्रश्न इथेच आहे.

आता थोडे गणित करू. नववीच्या मुलांनी ते वहीत करून पाहावे. बॉडी 18 वरून 24 मेगापिक्सेलची झाली, तर पिक्सेल एक तृतीयांशाने वाढतात. ऐकायला हे मोठे वाटते. पण हे क्षेत्रफळ आहे. लांबीत वाढ किती, हे पाहायला वर्गमूळ काढावे लागते, आणि ती सुमारे 15 टक्के निघते. म्हणजे झाडावरचा पक्षी चित्रात 15 टक्के मोठा केल्याइतकाच लाभ. उलट, लेन्स 250 वरून 400 मिलिमीटरची झाली, तर पक्ष्याची प्रतिमा लांबीत 60 टक्क्यांनी वाढते आणि क्षेत्रफळात अडीचपटीहून अधिक होते. त्याच जुन्या बॉडीवर, त्याच अंतरावरून पक्ष्याच्या वाट्याला येणारे पिक्सेल अडीचपट होतात. नवी बॉडी घेऊन जुन्या लेन्सने हेच करू गेल्यास ते सव्वापटीच्या थोडे पुढे जातात. एवढ्या हिशेबावरच आमचे निम्मे मत बनले.

उरलेले निम्मे मत पक्ष्याच्या बाजूने आहे, आणि आमच्या लेखी ते अधिक महत्त्वाचे आहे. 400 च्या लेन्सने 20 मीटरवरून पक्षी जेवढा दिसतो, तेवढाच 250 ने हवा असेल तर साडेबारा मीटरवर जावे लागते. बॉडीबरोबर आलेल्या लहान लेन्सच्या 55 वर तर पावणेतीन मीटरवर. जुन्या लेन्सवर नवी बॉडी आली, तरी चांगल्या चित्राच्या हौसेने मुले पुढेच सरकणार. आपण ज्याला झूम म्हणतो, त्याचे काम मग पाय करू लागतात.

ताप्तीच्या काठी किंवा केळीच्या बागांकडे जाणाऱ्या वाटेवर टिटवी सगळ्यांनी पाहिली आहे. गोष्टीत समुद्र आटवायला निघालेली ही टिटवी घरटे मात्र उघड्या जमिनीवर करते; चार खडे मांडावेत तशी अंडी. निमाडच्या वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा ती अंड्यांवर सावली धरून बसते, आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवते. कोणी जवळ गेले की ती ओरडत उठते. आपण समजतो, पक्षी उडाला, चित्र गेले. तिच्या बाजूने पाहिले तर अंडी उन्हात पडली, आणि कावळ्याला ती कुठे आहेत हेही कळले. दहा मुले पाळीपाळीने 'एकच फोटो' म्हणत पुढे गेली, तर त्या घरट्याचे काय होईल? म्हणून आम्ही लांब लेन्सकडे चैन म्हणून पाहत नाही. तो पक्ष्याला दिलेला मान आहे.

या संदर्भात मुलांना रानपिंगळ्याची हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या सातपुड्याची आहे. पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याला ज्याच्यावरून नाव पडले, त्या गावातल्या पिंगळ्याचा हा जंगलातला भाऊबंद. 1873 मध्ये ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे बंदुकीने टिपून भुसा भरलेली कातडी. 1884 नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने मिळाला नाही. 1914 ची एक कातडी मेनर्ट्‌झहागेन नावाच्या संग्राहकाची म्हणून संग्रहालयात होती खरी. पण ती त्याने दुसऱ्याच्या संग्रहातून चोरून, खोटी जागा आणि खोटी तारीख लिहून ठेवली होती, असे पामेला रासमुसेन यांनी पुढे सिद्ध केले. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध घेणारे भलत्याच ठिकाणी हिंडत राहिले. जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर 1997 मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याच्या जंगलात पोहोचले, आणि 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. या वेळी त्याची कातडी काढावी लागली नाही. छायाचित्रे आणि चित्रफीत हाच पुरावा ठरला. पुढे तो मेळघाटात, यावलच्या बाजूला आणि आपल्या शेजारच्या खंडवा जिल्ह्यातील जंगलांतही आढळला. तो आजही संकटग्रस्त आहे.

या हकीकतीतून आम्ही दोन बोध घेतो. बंदुकीने जे जवळून घेतले, ते लेन्सला दुरून घेता येते. आणि ज्या चित्राखालची जागा व तारीख खरी नाही, ते कितीही सुबक असले तरी त्याची किंमत शून्य. दुसरी गोष्ट तर कोणत्याही बॉडीबरोबर विकत मिळत नाही. ती वहीतच लिहावी लागते.

व्यवहाराच्याही काही गोष्टी आहेत. आपल्या कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण घेऊ. खानखाना अब्दुल रहीमच्या काळात, 1615 च्या सुमारास खोदलेले ते भुयार चारशे वर्षांनंतरही पाणी देते. या काळात पाणी भरणाऱ्यांच्या घागरी, बादल्या, पंप किती बदलले असतील! लेन्स आणि बॉडीचे नाते काहीसे असेच आहे. चांगली राखलेली लेन्स वीस-पंचवीस वर्षे सहज चालते. बॉडी मात्र चार-पाच वर्षांत जुनी वाटू लागते, आणि तिचा भाव झपाट्याने उतरतो.

येथे एक रास्त शंका निघेल. आता डीएसएलआरचे दिवस संपत आले आणि मिररलेस कॅमेरे आले, मग जुन्या पद्धतीची लेन्स घेऊन ती उद्या अडगळ होणार नाही काय? उत्तर असे की कॅननने 1987 पासून चालविलेल्या ईएफ जोडणीच्या लेन्स, 2018 मध्ये आलेल्या आरएफ जोडणीच्या नव्या बॉडीवर कंपनीच्याच अडॅप्टरने चालतात, आणि ऑटोफोकसही राहतो. उलट मात्र होत नाही: आरएफची लेन्स आपल्या आजच्या बॉडीवर बसणार नाही. म्हणून घ्यायची ती ईएफचीच घ्यावी. पुढे कधी बॉडी घेता आली, तर ती लेन्स तिच्यावरही चालेल.

अपेक्षा मात्र योग्य ठेवाव्यात. 400 मिलिमीटर आणि एफ 5.6 ची लेन्स आपल्या आजच्या 250 पेक्षा अधिक उजेड आत घेणार नाही. एफ 2.8 ची चौपट घेईल, पण तिची किंमत आणि वजन शाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा संध्याकाळच्या दाट झाडीतली चित्रे अडतीलच. पण आपल्याकडचा साग उन्हाळ्यापर्यंत पाने गाळतो, जंगल उघडे होते, आणि सकाळी आठच्या उजेडात ही अडचण फारशी राहत नाही. लांब लेन्सने हातही अधिक हलतो. आपल्या बॉडीवर 400 साठी शटर सेकंदाच्या 640 व्या भागाच्या आसपास किंवा त्याहून जलद ठेवावे लागेल. आधाराला महागडे सामान नको. जाड कापडाच्या पिशवीत तांदूळ भरून ती भिंतीवर किंवा दगडावर ठेवली, तरी काम भागते. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी खरेदीबरोबरच यावी. एवढे सांभाळले नाही, तर वर म्हटलेली वीस वर्षे विसरावीत.

आमची विश्वस्त मंडळास विनंती अशी की रक्कम लेन्ससाठी मंजूर करावी. तिच्याबरोबर निसर्गमंडळानेही काही नियम मान्य करावेत. अंड्यांवर बसलेल्या किंवा पिलांना भरवणाऱ्या पक्ष्याचे चित्र घेण्यासाठी कोणी घरट्याजवळ जाणार नाही. पक्षी मान ताणून पाहू लागला किंवा ओरडू लागला, की जिथे आहोत तिथून मागे फिरायचे. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बोलवायचे नाही. प्रत्येक चित्राची जागा, तारीख, वेळ त्याच दिवशी वहीत लिहायची. घरट्याची जागा मात्र वहीतच राहील, बाहेर जाणार नाही. दर फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसबागेतील पक्ष्यांची गणना होते. त्यात भारतातले पक्षीप्रेमी 2013 पासून भाग घेत आहेत. तिथे आपल्या नोंदी पाठवता येतील.

पालकांना एवढेच सांगू की लेन्स आल्यावर ती कपाटाची शोभा होणार नाही. पाळीप्रमाणे ती सर्व मुलामुलींच्या हाती येईल, मग त्यांच्या घरी कॅमेरा असो वा नसो. आणि विद्यार्थी मित्रहो, नवी बॉडी हुकली म्हणून हिरमुसू नका. वीस मीटरवर शांत बसायला शिका. तुम्ही निघून गेल्यावरही टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली, तर ते चित्र चांगले आले असे समजा.