मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे शास्त्र नव्हे

दहावीनंतर मुलाने पी.यू.सी.ला मानसशास्त्र घेतो म्हटले, की आपल्या बीदर-कलबुर्गीकडच्या बहुतेक घरांतून एकच प्रश्न येतो, "वेड्यांचा डॉक्टर होणार काय?" हा गैरसमज दूर व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

माणसाचे वर्तन आणि त्यामागे मनात चालणारे व्यवहार यांचा अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. आठवण कशी राहते, भीती कशी बसते, सवय कशी लागते, हे सारे त्यात येते. १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे स्वतंत्र शास्त्र मानले जाते. मात्र या शास्त्रात एकच मत चालत नाही. ते कसे, हे आपल्या सीमाभागातल्याच उदाहरणाने पाहू.

समजा, एक मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात पहिल्या पाचांत होता. पी.यू.सी.ला शिकवणे कन्नड-इंग्रजीत. चार महिन्यांत तो गप्प झाला. सकाळी पोट दुखते, कॉलेज नको म्हणतो. घरात कोणी म्हणते आळशी झाला, कोणी म्हणते बाहेरची बाधा.

वर्तनवादी विचारतील, उत्तर चुकल्यावर वर्ग हसला होता का? घरी राहिले की त्या हसण्यातून सुटका होते, आणि सुटका झाली की टाळण्याची सवय पक्की होते. वॉटसन यांनी १९१३ साली ही विचारसरणी मांडली, स्किनर यांनी पुढे वाढवली. बोधात्मक दृष्टीचा अभ्यासक विचारील, "मला कन्नड येत नाही" याचे "मला काहीच येत नाही" असे मुलाच्या मनात कधी झाले? मला स्वतःला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो आई-वडीलही विचारू शकतात. रॉजर्स व मॅस्लो यांचे मानवतावादी अनुयायी म्हणतील, आधी त्याचे न टोकता ऐकून घ्या. फ्रॉइड यांचा मार्ग मनात खोल दबलेल्या गोष्टींकडे जातो. (कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, हे खूळ कालपरवाचे नाही!) जैविक दृष्टी झोप, रक्त, थायरॉइड तपासायला सांगेल. आणि सामाजिक दृष्टी आपल्यालाच विचारील, घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, परीक्षेत इंग्रजी, यात मुलाचा दोष किती?

या पंथांचे आपसांत वाद पुष्कळ आहेत. पण "आळशी" म्हणून एकही पंथ थांबत नाही.

बाधेबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूरला बाधा झाली म्हणून दूरदूरची माणसे आणली जातात. दत्तमहाराजांवरील श्रद्धेबद्दल माझे काही म्हणणे नाही. चार माणसांत आपले दुःख बोलता येणे, सोबत मिळणे, याचाही मनाला आधार होतो. दर्शन जरूर घ्यावे, पण त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. आणि डॉक्टर म्हणजे लगेच बेंगळुरू असेही नाही. बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून निम्हान्स संस्थेने साध्या आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवून हे उपचार गावापर्यंत नेऊन दाखवले. त्याच अनुभवावर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

विश्वस्त मंडळास दोन विनंत्या आहेत. महिन्यातून एकदा मराठी जाणणारा समुपदेशक शाळेत यावा, आणि त्याची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी नसावी. तिथे शिक्षेसाठी बोलावतात हे मुलांना पक्के ठाऊक असते. दुसरी विनंती खर्चाचीही नाही. दहावीच्या दुसऱ्या सत्रात रोज अर्धा तास गणित-विज्ञानाचे कन्नड व इंग्रजी शब्द मराठी शब्दांसोबत शिकवावेत. पी.यू.सी.च्या वर्गात पहिल्या दिवशी निदान फळ्यावरचे तरी ओळखीचे वाटेल.