आधी गळा, मग मायक्रोफोन

हल्ली मध्यमवर्गीय घरांतून एक नवा हट्ट ऐकू येतो. मुलगी बरी गाते, स्नेहसंमेलनात टाळ्या मिळालेल्या असतात आणि मग एके दिवशी घरात एक यादी येते. कंडेन्सर मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, स्पीकर, नवा संगणक. हे सगळे असल्याशिवाय गाणे रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही, असे सांगितले जाते. बेरीज लाखापुढे जाते. आईवडील पेचात पडतात. नाही म्हणावे तर पोरीच्या कलेच्या आड आलो असे वाटते आणि हो म्हणावे तर मुदतठेव मोडावी लागते. माझे मत विचाराल तर ही ठेव मोडू नये. निदान यासाठी तरी नाही.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, मुद्रणाला वीजही लागत नव्हती. गायिकेने कर्ण्यासमोर तोंड नेऊन गायचे, आवाजाच्या जोराने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५पासून सुरू झाले. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्या आजही रसिक जपून ठेवतात. तांत्रिक दर्जा पाहिला तर आपल्या खिशातला मोबाइल त्यांच्या कितीतरी पुढे आहे. पण झिंझोटीतली ती ठुमरी लागली की खरखर ऐकू येईनाशी होते.

हे जुन्या काळापुरतेच खरे नाही. अमेरिकेचा लोकप्रिय गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ साली घरी बसून, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी नमुन्यादाखल मुद्रित केली. माइक होते साधे, शुअर कंपनीचे एसएम ५७. पुढे वादकांचा ताफा घेऊन तीच गाणी स्टुडिओत केली, पण कॅसेटमधले काहीतरी त्यात उतरेना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली.

याचा अर्थ महागडी उपकरणे म्हणजे थोतांड, असा मात्र नाही. तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे बारीक स्वर, डग्ग्याचा घुमारा, ओळीच्या शेवटी विरत जाणारा श्वास हे उत्तम कंडेन्सर मायक्रोफोन जसे टिपतो तसे साधा टिपत नाही. परंतु त्याचा हाच गुण आपल्या घरात नडतो. त्याचा पडदा अतिशय हलका, त्यामुळे दूरचा बारीक आवाजही तो पकडतो. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, रिक्षाचा हॉर्न आणि समोरच्या मोकळ्या भिंतीवरून परतलेला गायकाचाच आवाज, सगळे तो इमानाने नोंदवतो. चांगल्या स्टुडिओत भिंतींवरच मोठा खर्च केलेला असतो, तो आपल्या नजरेत भरत नाही एवढेच. त्यापेक्षा साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ धरला की तो जवळचे तेवढेच नीट ऐकतो.

आमच्या भजनी मंडळाने अभंग मुद्रित करायचे ठरवले तेव्हा हा वाद झालाच. शेवटी एका सभासदाच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोऱ्या बांधून गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि साधा माइक वापरला. घाम पुसत गायलो, पण शब्द न् शब्द स्वच्छ उतरला. वाचलेल्या पैशांतून पखवाज वाजवणाऱ्या तरुणाला पूर्ण बिदागी दिली. एरवी हा खर्च ‘सेवा’ म्हणून टाळला जातो.

मला खरी काळजी आहे ती याचीच. यंत्राची किंमत आपण बिनतक्रार मोजतो, पण गाणे शिकवणाऱ्या बाईंनी फी शंभराने वाढवली की कुरकुरतो. तबलजी नको म्हणून मोबाइलवरचा ठेका लावतो. तो ठेका चुकलेल्या गायकाला सांभाळून घेत नाही की रंगलेल्या गायकाला डिवचत नाही. ते काम माणसाचे. गाणे जिथे घडते तिथे हात आखडता आणि जिथे ते फक्त साठवायचे तिथे सढळ, हा कुठला हिशेब? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा वर्षभर मुलांना मोबाइलवरच मुद्रण करू द्या, स्वतःचे गाणे ऐकू द्या. सूर कुठे घसरतो हे त्यातही कळते. मग दहा हजारांच्या आसपासचा माइक घ्या आणि कपाटातल्या गोधड्या बाहेर काढा. एखादी चीज खरोखर पिकली असे गुरूंनाही वाटले, तर एक दिवस चांगला स्टुडिओ भाड्याने घ्या. तिथे लाखांचा मायक्रोफोन मिळेल आणि तो कुठे ठेवायचा हे जाणणारा माणूसही मिळेल. आणि ठेव मोडायचीच असेल तर मिरजेला जा. तिथल्या कारागिराकडून मुलीच्या पट्टीचा एक चांगला तंबोरा करून घ्या. रोज पहाटे तो जुळवताना तिचा कान जितका तयार होईल, तितका कोणत्याही माइकसमोर उभे राहून होणार नाही.