ही विटंबना नव्हे



गेल्या अंकातील पत्रात जुन्या गाड्यांना नवे इंजिन बसवणाऱ्यांना सरसकट झोडपले आहे. त्यासाठी पत्रलेखकांनी जॅग्वार ई-टाइप झीरोचे उदाहरण घेतले, तेच चुकले. 1968च्या या उघड्या टपाच्या गाडीचे रूपांतर 2017मध्ये खुद्द जॅग्वारच्या क्लासिक विभागाने केले. सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या जागी जवळपास त्याच मापाची नि वजनाची बॅटरी, गिअरबॉक्सच्या जागी मोटर. सांगाड्याची कापाकापी नाही. उद्या वाटले तर जुने इंजिन परत बसवता येते. पत्रा कापून, चाकांच्या कमानी फुगवून केलेल्या कामांवरचा राग मलाही मान्य आहे. पण ही गाडी त्यातली नव्हे.

या गाडीत बसवलेला डिजिटल डॅशबोर्ड मात्र मलाही रुचला नाही. त्या गोल घड्याळांची शान पडद्याला कुठून येणार! जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ विजेवर आणलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानत नाही, तेही योग्यच. संग्रहालयात मूळ इंजिनाचीच गाडी हवी. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला तो नियम लावण्याचे कारण नाही.

— एक वाचक, पुणे